कागदावर हरण्याची सोय

बारा-चौदा वर्षं नोकरी झालेला मेजर. कंपनी चोख सांभाळलेली, जवानांचा विश्वास मिळवलेला, अडचणीत डोकं शांत ठेवणारा म्हणून वरिष्ठांच्या नजरेत भरलेला. नेमक्या अशाच माणसाला लष्कर पलटणीतून उचलतं आणि दहा-अकरा महिने स्टाफ कॉलेजच्या, म्हणजे मोठ्या सैन्याची आखणी शिकवणाऱ्या शाळेच्या, वर्गात बसवतं. नकाशे, निबंध, व्याख्यानं, रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या चर्चा. त्याच्या कमांडिंग ऑफिसरला हा व्यवहार तोट्याचा वाटतो, आणि त्याचं फारसं चुकत नाही. कामाचा माणूस गेला, त्याच्या जागी तेवढाच चांगला मिळेल याची खात्री नाही, आणि हा परतेल तो बहुधा दुसरीकडेच. शिवाय लढाई लढूनच शिकायची असते, असं म्हणणारं कुणीतरी मेसमध्ये असतंच.

हे शेवटचं वाक्य ऐकायला मर्दानी आहे, पण हिशेबात बसत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत मोठी लढाई एकदा वाट्याला येते किंवा येतच नाही. आली तरी ती ज्या हुद्द्यावर गाठते, त्या हुद्द्यावरचा लढाईचा अनुभव गाठीशी नसतो. लेफ्टनंट असताना चकमकी लढलेला माणूस पंचवीस वर्षांनी डिव्हिजन घेऊन उतरतो तेव्हा तोही नवशिकाच असतो. मधल्या काळात कामाची जातच बदललेली असते. कंपनीत शे-सव्वाशे माणसं. प्रत्येकाची कुवत ठाऊक, कमांडर पुढे दिसला की निम्मं काम झालं. डिव्हिजनमध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसं आणि त्यांतली बहुतेक त्याला कधी दिसणारही नाहीत. ज्या गुणांनी त्याला इथवर आणलं त्यांतले काही आता आडवे येतात. सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच ठरवायची खोड त्यांत पहिली.

वर्गात नेमकं काय मिळतं हे पाहायचं तर स्टाफ कॉलेजातलं सगळ्यांत रटाळ समजलं जाणारं प्रकरण घ्यावं: ताफ्याची कूच. ३०० गाड्या ६० किलोमीटरवरच्या पुलापलीकडे न्यायच्या आहेत. पहाटे साडेपाचला शेवटची गाडीसुद्धा पलीकडे हवी, कारण त्यानंतर उजाडतं आणि वरून सगळं दिसतं. वेग ताशी २० किलोमीटर. नवखा अधिकारी साठाला विसाने भागतो, तीन तास काढतो आणि अडीचला निघायचं ठरवतो. त्याने ताफ्याचं डोकं तेवढं पुलाशी नेलेलं असतं. गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर धरलं तर ३०० गाड्या १५ किलोमीटर लांब होतात आणि एका जागेवरून पुढे सरकायलाच त्यांना ४५ मिनिटं लागतात. त्या सलग सोडतही नाहीत. २५-२५ चे १२ गट करतात आणि दोन गटांत पाच मिनिटांची फट ठेवतात. ११ फटींची ५५ मिनिटं. एकूण १०० मिनिटं. म्हणजे पहिली गाडी पुलावर ३.५० ला हवी आणि ती निघायला हवी १२.५० ला.

आता पूल जुना निघतो. त्यावर ताशी १० चाच वेग, आणि वजनामुळे ५० मीटरचं अंतर राखायचंच. रस्त्यावर पावणेचार मिनिटांत जाणाऱ्या गटाला पुलावर साडेसात मिनिटं लागतात. पण पुढचा गट पावणेनऊ मिनिटांनी येतो, त्यामुळे फट हा उशीर गिळते आणि एकूण वेळेत जेमतेम चार मिनिटांची भर पडते. चलाख विद्यार्थी इथे म्हणतो, फटीच काढून टाकू. काढल्या तर सगळ्या गाड्या ९० मिनिटांत पार होतात, म्हणजे वेळ वाचतोच. फक्त शेवटच्या गाडीला पुलाअलीकडे पाऊण तास ताटकळावं लागतं, आणि तिच्यापुढे गाड्यांची रांग एकमेकींना खेटून उभी राहते. पुलाचा अलीकडचा काठ ही शत्रूच्या तोफखान्याने आधीच नोंदवून ठेवलेली जागा असते. फट वेळ खाते, पण गर्दी होऊ देत नाही. तिचं खरं काम ते.

मग डीएस, म्हणजे शिकवणारा डायरेक्टिंग स्टाफ, शांतपणे सांगतो की सहाव्या गटातली एक गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली आणि वीस मिनिटं गेली. प्रत्येक फटीत आता सव्वा मिनिटाचीच सवड उरलेली आहे. वीस मिनिटं भरून काढायला १६ फटी लागतील, आणि उरल्यात सहा. शेवटची गाडी साडेबारा मिनिटं उशिरा पोचणार. पुलाच्या मूळच्या चार मिनिटांसकट ती उजेडात सापडली. उपाय साधे आहेत: ओढून नेणारी गाडी ताफ्याच्या शेवटी न ठेवता आधीच पुलावर उभी करा, आणि अर्धा तास लवकर निघा. फक्त अर्धा तास लवकर निघायचं तर रस्ता मोकळा हवा, आणि पाऊण वाजेपर्यंत तो दुसऱ्या ब्रिगेडला दिलेला आहे. रस्ता आपला नाही हे मेजरला इथे पहिल्यांदा नीट कळतं. आजवर त्याने रस्ता वापरला होता. तो वाटून कसा द्यायचा, कुणाला आधी आणि कुणाला नंतर, आणि ज्याला नंतर त्याला काय सांगायचं, हे त्याच्या कंपनीत कधी उद्भवलंच नव्हतं.

हेच गणित कितीतरी पट मोठं करून १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये सोडवावं लागलं. अमेरिकन सैन्याची सेंट मिहिएलची चढाई १२ तारखेला सुरू झाली आणि म्यूझ-आर्गोनची त्याहून मोठी चढाई २६ तारखेला व्हायची होती. मधल्या दोन आठवड्यांत सुमारे ६ लाख माणसं नव्या आघाडीवर आणायची आणि तिथली दोन लाखांहून अधिक फ्रेंच व इटालियन माणसं बाहेर काढायची होती. तीन रस्ते, आणि हालचाल मुख्यतः रात्रीच. ही आखणी ज्याच्या गळ्यात पडली तो अमेरिकन स्टाफ अधिकारी जॉर्ज मार्शल. त्याने युद्धात मोठं सैन्य स्वतः कधी चालवलं नव्हतं. पण अमेरिकेतल्या फोर्ट लेव्हनवर्थच्या लष्करी शाळांत तो १९०६ ते १९०८ शिकला होता आणि पुढे तिथेच शिकवत होता. तितकीच मोलाची गोष्ट ही की इतर मुख्यालयांतही लेव्हनवर्थमधून तयार झालेले अधिकारी बसले होते. एकाने लिहिलेला हुकूम दुसऱ्याला वाचल्याबरोबर उमगत होता, कारण सगळे एकाच साच्यात विचार करायला शिकले होते.

तो साचा म्हणजे पाच परिच्छेदांचा हुकूम: परिस्थिती, कामगिरी, अंमलबजावणी, रसद, आणि नेतृत्व व संपर्क. लेव्हनवर्थला एबेन स्विफ्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो रुजवला आणि आज थोड्याफार फरकाने जगभर चालतो. दिसायला कारकुनी वाटतं. पण रात्री दोन वाजता, पावसात, विजेरीच्या उजेडात दमलेला माणूस तो कागद वाचत असतो तेव्हा दारूगोळा कुठे मिळेल हे चौथ्या परिच्छेदातच असणार, हे त्याला शोधावं लागत नाही. पहिल्यांदा लिहिणारे कामगिरीच्या परिच्छेदात दोन कामं घालतात. ‘टेकडी घ्या आणि पूल सुरक्षित ठेवा.’ दोन्ही एकदम जमेनासं झालं तर कुठलं सोडायचं? म्हणून कामगिरी एका वाक्याची, आणि त्यात ‘कशासाठी’ हे आलंच पाहिजे. परिस्थिती बदलली की हाताखालचा माणूस त्या ‘कशासाठी’वरच पुढचं ठरवतो.

हुकुमाआधी असतं ॲप्रिसिएशन, म्हणजे परिस्थितीचा लेखी विचार. भूभाग, शत्रू, आपलं बळ, वेळ, हवामान, रसद अशा एकेका मुद्द्यावरून निष्कर्ष काढत जायचं. इथे सगळे एकाच खड्ड्यात पडतात: माहिती भरपूर, निष्कर्ष शून्य. ‘नदी ८० मीटर रुंद आहे, प्रवाह वेगवान आहे, पलीकडचा काठ उंच आहे.’ डीएस समासात दोनच शब्द लिहितो: ‘मग काय?’ मग असं, की पायदळ होड्यांनी जाईल पण रणगाडे पुलाशिवाय जाणार नाहीत. काठ उंच म्हणजे उतार कापायला इंजिनिअर आणि यंत्रं पहिल्या खेपेतच न्यावी लागणार. तोवर पलीकडचं पायदळ रणगाड्यांविना तग धरणार, तेव्हा रणगाडाविरोधी शस्त्रंही पहिल्याच खेपेत. होड्या तेवढ्याच असल्यामुळे पहिल्या खेपेतल्या रायफलधाऱ्यांची संख्या घटली. काठ उंच आहे या एका निरीक्षणाने हल्ल्याच्या पहिल्या लाटेत कोण बसणार हे बदलून टाकलं. वर्षभरात शेकडो वेळा ‘मग काय?’ ऐकल्यावर माणूस तो प्रश्न स्वतःलाच विचारू लागतो. प्रमाणपत्रापेक्षा मला तरी ही सवय महाग वाटते.

वेळेचा नियमही तसाच साधा, आणि तसाच मोडला जाणारा. उपलब्ध वेळेपैकी एक तृतीयांश स्वतः वापरायचा, दोन तृतीयांश खालच्यांना सोडायचा. हल्ल्याला अठरा तास असतील तर डिव्हिजनचा हुकूम सहा तासांत निघायला हवा. उरलेल्या बारांतले चार ब्रिगेडने घेतले, राहिलेल्या आठांतले पावणेतीन पलटणीने घेतले, तरच कंपनीला पाच तास उरतात. वरच्याने सुबक, रंगीत, बिनचूक आराखड्याच्या नादात बारा तास घेतले तर त्याच हिशेबाने कंपनी कमांडरच्या हाती तीन तासही राहत नाहीत, आणि त्याला जमीन उजेडात पाहायलाही मिळत नाही. चांगला आराखडा उशिरा पोचला तर तो वाईट आराखडाच, हे स्टाफवर बसणाऱ्याला शिकवावंच लागतं. आपोआप कळत नाही.

हे शिक्षण पद्धतशीर सुरू झालं ते पराभवातून. १४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेट इथे नेपोलियनच्या सैन्याने प्रशिया या जर्मन राज्याचा एका दिवसात धुव्वा उडवला. प्रशियाचा सेनाधिकारी शार्नहोर्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुधारणा हाती घेतल्या. १८०८ च्या नियमाने अधिकारपदाचा हक्क जन्मावरून काढून शांततेच्या काळात ज्ञान व शिक्षणावर, आणि युद्धकाळात शौर्य व समज यांवर ठेवला. १८१० मध्ये बर्लिनला उच्च युद्धशाळा निघाली, तीच पुढे क्रीग्सअकादमी झाली. गंमत अशी की क्लाउझेवित्स १८१८ पासून बारा वर्षं या शाळेचा संचालक होता, पण त्याच्याकडे कारभार आणि शिस्त एवढंच होतं. काय शिकवायचं हे ठरवणारे दुसरेच. युद्धाबद्दल त्या काळी सर्वांत खोल विचार करणारा माणूस शाळेच्या कचेरीत, आणि वर्ग भलत्याच्या हाती! संस्था अशाच चालतात.

त्याच प्रशियात १८२४ मध्ये राइसवित्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने वडिलांचा युद्धखेळ सुधारून लष्करापुढे मांडला. १:८००० मापाचा खरा नकाशा, तुकड्यांचे लहान ठोकळे, दोन मिनिटांची एक चाल, फासे, आणि मध्ये पंच. दोन्ही बाजूंना फक्त आपल्याला दिसेल तेवढंच कळायचं. बाकीचं पंचाच्या पोटात. संदेश लिहून द्यायचा आणि तो पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढा पंच थांबवून ठेवायचा. सेनाप्रमुख म्युफलिंग आधी कंटाळलेल्या चेहऱ्याने बसले आणि शेवटी हा खेळ सगळ्या सैन्याला द्यावा म्हणू लागले. पुढे कोष्टकांचा इतका बुजबुजाट झाला की एका चालीला तासभर लागे. १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नोआ यांनी कोष्टकं बाजूला सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवला. खेळ वेगवान झाला, पण सगळी भिस्त आता पंचावर आली.

आजचा वर्गातला युद्धखेळ त्याच वळणाचा आहे. आपली योजना निळ्याच्या नावे मांडायची. निळ्याची चाल, लाल शत्रूचं उत्तर, त्यावर निळ्याचा प्रतिसाद. एवढं झालं की थांबायचं आणि लिहायचं: काय घडलं, किती माणसं गेली, कुठे कुमक कमी पडली, कुठल्या क्षणी सेनापतीला निर्णय घ्यावा लागला आणि त्यासाठी कुठली माहिती आधी हातात हवी होती. या शेवटच्या रकान्यावरून टेहळणी ठरते. लालची भूमिका बहुतेक ठिकाणी वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याला देतात, आणि तिथेच खेळ बसतो. लालला सर्वांत तल्लख डोकं हवं आणि जिंकण्याची पूर्ण मुभा हवी.

अमेरिकेचं नेव्हल वॉर कॉलेज १८८४ मध्ये न्यूपोर्टला निघालं, तेही शहराच्या जुन्या गरीबगृहाच्या इमारतीत. नौदलात त्याची टिंगल कमी झाली नाही. पण दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत तिथल्या फरशीवर जपानविरुद्धचं युद्ध पुन्हा पुन्हा खेळलं गेलं. पॅसिफिक एका झेपेत ओलांडायचा बेत खेळांत वरचेवर फसत गेला. इंधन, दुरुस्ती, तळ यांचा हिशेबच जमेना, आणि बेटामागून बेट घेत जाण्याची कल्पना पक्की होत गेली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आरमाराचे सेनापती झालेले चेस्टर निमिट्झ १९२२-२३ मध्ये तिथे विद्यार्थी होते. त्याच वर्षी रॉस्को मॅकफॉल या सहाध्यायाने नौकांची वर्तुळाकार रचना फरशीवर मांडली. निमिट्झनी ती लगेच खऱ्या आरमारात करून पाहिली, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानवाहू नौकांभोवती तीच रचना उभी राहिली. कामिकाझे, म्हणजे जपानी आत्मघातकी वैमानिक, सोडले तर युद्धात आम्हाला अनपेक्षित असं काही घडलं नाही, अशा आशयाचं निमिट्झनी पुढे म्हटलं. यात जुन्या विद्यार्थ्याचा जिव्हाळा थोडा मिसळलेला असणार, कारण त्याच खेळांत मोठ्या तोफांच्या निर्णायक टकरीवरही कित्येक वर्षं खर्ची पडली होती. तरी रसदीबद्दलचा धडा खराच.

आता दुसरी बाजू. मे १९४२ च्या सुरुवातीला ‘यामातो’ या युद्धनौकेवर जपानी आरमाराने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरच्या आपल्या नियोजित चढाईचा खेळ मांडला. अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात पंचाच्या फाशाने नऊ बॉम्ब लागले आणि ‘अकागी’ व ‘कागा’ या विमानवाहू नौका बुडाल्या. चीफ ऑफ स्टाफ उगाकी यांनी नऊचे तीन केले. ‘अकागी’ वाचली. ‘कागा’ बुडालेली राहिली खरी, पण पुढच्या मोहिमेचा खेळ सुरू झाला तेव्हा तीही हजर! ४ जूनच्या खऱ्या लढाईत जपानने ‘अकागी’ आणि ‘कागा’सकट चार विमानवाहू नौका गमावल्या. फाशाने भविष्य वर्तवलं असं कुणी म्हणू नये. फासा तो फासाच. पण त्या टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला त्या दिवशी एक गोष्ट कळली: योजना ठरलेली आहे, तुमच्या शंकांना इथे जागा नाही.

पैसा ओतून हे टळत नाही. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून मिलेनियम चॅलेंज हा सराव केला. निवृत्त जनरल पॉल व्हॅन राइपर लाल बाजूला होते. रेडिओ वापरला तर ऐकला जाणार म्हणून त्यांनी निरोप मोटारसायकलस्वारांकरवी धाडले आणि एका तडाख्यात निळ्यांच्या सोळा नौका बुडवल्या. नौका पुन्हा ‘तरंगवण्यात’ आल्या. सराव पुढे चालायला हवा होता, सैन्य जागेवर होतं, हे कारण अगदीच पोकळ नव्हतं. पण त्यानंतर लालचे हात बांधले गेले आणि व्हॅन राइपर बाजूला झाले. कागदावर हरण्यासाठी एवढा खर्च केला आणि हरल्यावर ते नाकारलं, तर उरला तो नुसता खर्च.

वर्गातही रोगाचं मूळ हेच, फक्त लहान प्रमाणात. त्याला डीएसचं उत्तर म्हणतात. प्रत्येक सरावाचं एक अधिकृत उत्तर कपाटात असतं. ते असायलाही हवं, नाहीतर शिकवणारे दहा जण दहा दिशांना जातील. पण गुण त्याच्याशी जुळण्यावर मिळू लागले, आणि गुणांवर पुढची बढती अवलंबून राहिली, की मागच्या तुकडीचे कागद पुढच्या तुकडीकडे सरकू लागतात. नदी तीच, पूल तोच, शत्रू दरवर्षी त्याच टेकडीवरून येणार. अशा वर्गातून माणूस हुशार नाही, धोरणी होऊन निघतो. यावर इलाज आहेत आणि ते महागही नाहीत. सराव चालू असताना मध्येच शत्रूचा बेत बदलावा. दोन परस्परविरोधी उत्तरांना, दोन्हींची कारणं पक्की असतील तर, सारखे गुण द्यावेत. आणि शिकवायला त्यांनाच पाठवावं ज्यांची पलटणीत खरोखर गरज आहे. शिकवण्याची नेमणूक म्हणजे अडगळ असेल तर विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात त्याचा वास लागतो.

शिक्षणच चुकीचं असेल तर ते अज्ञानापेक्षा घातक, हेही कबूल करायला हवं. फ्रेंच लष्कर अशिक्षित नव्हतं. पहिल्या महायुद्धातून त्याने टप्प्याटप्प्याने, वरून काटेकोर आखलेली लढाई शिकली आणि वीस वर्षं तीच घोटली. १३ मे १९४० ला जर्मनांनी सेदानपाशी म्यूझ नदी ओलांडली तेव्हा फ्रेंच प्रतिहल्ला निघायला दुसरी सकाळ उजाडली, आणि तोवर जर्मन रणगाडे पुलावरून येऊ लागले होते. उलट जर्मन अधिकारी डावपेचात सरस होते, पण त्यांच्या शाळेने रसदीला आणि राजकारणाला दुय्यम मानलं. १९१४ मध्ये त्यांची उजवी बगल फ्रान्समधल्या मार्न नदीपर्यंत धावली आणि रेल्वेची टोकं फार मागे राहिली. १९१७ च्या फेब्रुवारीत पाणबुड्यांना मोकाट सोडण्याचा निर्णय लष्करी हिशेबाने पटणारा होता. त्याने एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात ओढली गेली.

म्हणूनच वरच्या पायरीवरच्या संस्था वेगळ्या असाव्या लागतात. लंडनचं इम्पीरियल डिफेन्स कॉलेज (आताचं रॉयल कॉलेज ऑफ डिफेन्स स्टडीज) १९२७ चं, दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज १९६० चं. इथे ब्रिगेडियरच्या शेजारी सनदी आणि परराष्ट्र सेवेतले अधिकारी बसतात, आणि प्रश्न ‘पूल कसा ओलांडायचा’ हा नसून ‘ओलांडून काय मिळवायचं’ हा असतो. तिन्ही दलांनी एकमेकांना समजून घ्यावं ही गोष्ट मात्र सदिच्छेवर सोडून चालत नाही. इराणमधल्या ओलिसांची १९८० ची फसलेली सुटका आणि ग्रेनाडाच्या स्वारीतला १९८३ चा गोंधळ यांनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदाच केला आणि संयुक्त शिक्षण व संयुक्त नेमणुका बढतीशी जोडल्या. बढतीशी जोडल्यावर सगळ्यांना त्यात रस निर्माण झाला, हे वेगळं सांगायला नको.

शिकलेल्या माणसाचं पुढे काय करायचं हा प्रश्न बहुतेक लष्करांत कच्चा राहतो. वर्षभर आखणी शिकलेला अधिकारी भरती कार्यालयात जाऊन बसतो आणि तीन वर्षांत सगळं गंजतं. लेव्हनवर्थला १९८३ मध्ये तेरा विद्यार्थ्यांवर स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड मिलिटरी स्टडीज सुरू झालं, तेव्हा ही चूक टाळली गेली. नेहमीच्या स्टाफ कोर्सनंतर आणखी एक वर्ष शिकायचं आणि बाहेर पडल्यावर डिव्हिजन किंवा कोरच्या (अनेक डिव्हिजनांच्या फौजेच्या) मुख्यालयात आखणीच्याच कामावर जायचं. सप्टेंबर १९९० मध्ये आखातात अमेरिकन सेनापती जनरल श्वार्झकॉफ यांनी इराकने बळकावलेल्या कुवेतच्या सुटकेसाठी जमिनीवरील चढाईचा आराखडा मागवला आणि या शाळेतून निघालेले चार अधिकारी रियाधला आले. हुद्दे मेजर आणि लेफ्टनंट कर्नल एवढेच. हाताशी असलेली एकच कोर धरून बेत करा, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यांनी तो केला, खेळून पाहिला, आणि एवढ्या बळावर हे काम फार धोक्याचं आहे, दुसरी कोर हवी, असं चार तारेवाल्या जनरलला सांगितलं. ऑक्टोबरात तोच अपुरा बेत, त्यातल्या उणिवांसकट, वॉशिंग्टनला दाखवण्यात आला. ८ नोव्हेंबरला जादा सैन्याची घोषणा झाली आणि जर्मनीतली सातवी कोर आखाताकडे निघाली.